सांधीव हत्यारांची साक्ष

जुन्या कागदपत्रांची चिकित्सा कशी करावी, हें आम्हां महाराष्ट्रीयांस कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. १८९८ पासून, म्हणजे 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडापासून शिकविलें. कागद कोणता, शाई कोणती, अक्षराचें वळण कोणत्या पिढीचें, मोर्तब आहे कीं नाहीं, मिती आणि वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं, इतकें सारें पाहिल्यावांचून त्या कागदांतील एक ओळहि प्रमाण धरूं नये, अशी ही शिस्त आहे. ती कागदांपुरती बऱ्याच अंशीं रुजली. पण ज्या वाड्यांतून हे कागद बाहेर पडले, त्याच वाड्यांच्या माळ्यांवरून आणि देवघरांतून जीं हत्यारें बाहेर पडलीं, त्यांच्या वांट्यास ही चिकित्सा फारशी आली नाहीं. तलवार दिसली कीं ती कोणाची, एवढा एकच प्रश्न आम्ही विचारतों. ती कशाकशाची, हा प्रश्न विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत हा दुसरा प्रश्न हातीं घेतला आहे, व त्याचा विचार करतांना दृष्टि मुख्यतः खानदेशावर, म्हणजे आजच्या धुळें, जळगांव व नंदुरबार या जिल्ह्यांच्या टापूवर ठेविली आहे.

अलीकडे हत्यारांच्या संग्राहकांत अंक जुळण्याचें मोठें माहात्म्य झालें आहे. विलायती रिव्हॉल्व्हर हातीं आलें कीं त्याच्या सांगाड्यावरील अंक, फिरत्या नळकांड्यावरील अंक आणि इतर लहानमोठ्या भागांवरील अंक ताडून पाहतात. सगळे अंक एक असले तर वस्तूचें मोल चढतें. सांगाडा एका पिस्तुलाचा, नळकांडें दुसऱ्याचें, चाप तिसऱ्याचा आणि मुठीचीं लांकडें गांवच्या सुताराचीं असा प्रकार निघाला, तर तें हत्यार 'बनावट' ठरून बाजूस पडतें. कारखान्यांतून नुकत्याच आलेल्या मालाच्या बाबतींत हा हिशेब व्यापाऱ्यास सोईचा असेल. परंतु हाच हिशेब मागें नेऊन दोनतीनशें वर्षांपूर्वींच्या दक्षिणी हत्यारांस लावण्याची चाल पडत आहे, व तिच्या नादानें चांगलीं चांगलीं हत्यारें सोडवून त्यांचे भाग सुटे विकले जात आहेत. पातें एकाकडे, मूठ दुसऱ्याकडे. आमचें म्हणणें असें आहे कीं, निरनिराळ्या भागांचें हत्यार हें आमच्या देशांतील जुन्या शस्त्रांचें अपवादरूप नसून बव्हंशीं नित्य रूप आहे. आणि तें ज्या दिवशीं सांधलें गेलें, तो दिवस हाच त्याचा खरा जन्मदिवस धरावा.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हें फार समजावून सांगावें लागूं नये. दोनशें पत्रांच्या पोथीचीं पहिलीं दहा पत्रें हरवलीं. पुढच्या पिढींतील कोणा शास्त्रीबोवांनीं तीं दुसऱ्या प्रतीवरून उतरून जोडलीं. मधलीं चार पत्रें वाळवीनें खाल्लीं, तेथें तिसऱ्याच पोथीचीं सुटीं पत्रें कांठ कातरून बसविलीं. शेवटची पुष्पिका तेवढी मूळ लेखकाची राहिली. अशा पोथीस आम्ही बनावट म्हणत नाहीं. पत्रापत्राचा हात ओळखतों, पुष्पिकेंतील शक फक्त मूळ पत्रांस लावतों, आणि जोडपत्रांचा काळ निराळा ठरवितों. इतकेंच नव्हे, तर त्या जोडपत्रांवरून ती पोथी अमुक पिढीपर्यंत वाचनांत होती, हें एक नवें प्रमाणहि आमच्या हातीं येतें. जी पोथी कोणी वाचीत नाहीं, ती कोणी दुरुस्तहि करीत नाहीं. बंदुकीचें तसेंच आहे. बनावट हा शब्द जेथें पाहणाऱ्यास फसविण्याचा हेतु असेल तेथेंच वापरावा. गरजेनें, काटकसरीनें किंवा आवडीनें केलेल्या सांध्यास तो लावूं नये.

शास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर वैशेषिकांच्या मतें पटांतील कांहीं तंतू काढून टाकले म्हणजे पहिला पट नष्ट होतो व खंडपट नांवाचा नवा अवयवी उत्पन्न होतो. उलट, बौद्धांच्या मिलिंदप्रश्नांत नागसेन रथाचा एकेक भाग घेऊन हाच रथ काय म्हणून विचारतो, आणि कोणत्याच भागांत रथ सांपडत नाहीं. या वादांत इतिहाससंशोधकानें वैशेषिकांकडे झुकावें हें बरें. कारण त्यांच्या मतांत नव्या अवयवीस स्वतःचा जन्मकाल मिळतो, आणि आम्हांस काळाशींच काम आहे.

आतां प्रत्यक्ष वस्तूंकडे वळूं. मराठी शस्त्रांच्या नांवांत 'फिरंग' हें नांव सर्वपरिचित आहे. लांब, सरळ, युरोपांत घडलेल्या पात्याच्या तलवारीस हें नांव पडलें. जर्मन पात्याच्या वांकड्या तलवारीस दक्षिणेंत 'अलेमानी' म्हणत. जर्मनींतील झोलिंगेन व पासाउ, इटलींतील जेनोआ, स्पेनमधील तोलेदो इत्यादि गांवांचीं पातीं पोर्तुगीज व इतर टोपीकर व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यास उतरत, व घाट चढून वर येत. तीं बहुधा नुसतींच, म्हणजे मुठीवांचून येत. मूठ इकडचा कारागीर चढवी. ती मूठ अगदीं इकडच्या धाटणीची: हाताच्या बोटांवर येणारी रुंद परज, मुठीच्या मागें दुसऱ्या हातानें धरण्यासाठीं काढलेला लांब खिळा, आणि पात्याच्या दोन्ही अंगांस कांहीं बोटें पुढें आलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांतून आरपार खिळे मारून पातें जखडलेलें असे. पात्याचा जो भाग मुठीच्या पोटांत जातो, तो लाख-राळेच्या रसांत घट्ट बसवीत. याप्रमाणें एका हत्यारांत दोन खंडांतील लोहार एकत्र येत. दांडपट्ट्यास बसविलेलीं पातींहि पुष्कळदा विलायती असत.

या प्रकारास कमी लेखणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीचें पातें जेनोआचें असल्याचें नमूद केलें आहे. तसेंच कोल्हापूरकडून प्रिन्स ऑफ वेल्स यांस त्यांच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थानच्या प्रवासांत भेट म्हणून गेलेली, शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी व आज इंग्लंडच्या राजसंग्रहांत असलेली जी तलवार, तिचेंहि पातें युरोपांतलें आणि मूठ मराठी धाटणीची आहे. भवानी नेमकी कोणती, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. तो वाद कसाहि सुटो. महाराष्ट्रानें ज्या हत्यारांपुढें मस्तक लवविलें, त्यांचें वर्णनच सांधीव हत्याराचें आहे, इतकें पुरे. परकी पातें आहे म्हणून ती तलवार मराठ्यांची नव्हे असें म्हणणें, हें पैठणचा कागद दौलताबादेचा आहे म्हणून तें पत्र पैठणचें नव्हे असें म्हणण्यासारखें आहे.

पात्यावरील खुणांविषयीं मात्र फार जपून राहावें. पासाउच्या लोहारांची धांवत्या लांडग्याची खूण प्रसिद्ध आहे. पण तीच खूण झोलिंगेनचे लोहारहि सर्रास मारीत. इटलीच्या पात्यांवर कोयत्यासारख्या किंवा पापणीसारख्या दोन अर्धवर्तुळाकृति खुणा असत. त्या कॉकेशसांतील व हिंदुस्थानांतील लोहारांनीं उचलल्या. 'आंद्रेआ फेरारा' हें नांव इतक्या निरनिराळ्या काळांच्या पात्यांवर सांपडतें कीं एका माणसास तितकें आयुष्य मिळणें शक्य नाहीं. बंदुकांच्या नळ्यांची हीच कथा. इटलींतील ब्रेशाजवळचे कोमिनात्सो घराण्याचे नळीकार सतराव्या शतकांत नांवाजले, तेव्हां 'लाझारिनो कोमिनात्सो' हें नांव दूरदूरच्या नळीकारांनीं आपल्या नळ्यांवर कोरलें, व तें कोरतांना अक्षरांची मोडतोडहि केली. आमच्या पोथ्यांत सामान्य कवीच्या रचनेस ज्ञानदेवांचें किंवा नामदेवांचें नांव चिकटतें, त्यांतलाच हा प्रकार. खूण ही त्या भागापुरती साक्ष आहे, आणि तीहि उलटतपासणीस पात्र आहे.

तलवारीपेक्षां बंदुकीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून तेथें थोडें थांबावें लागेल. तोड्याच्या बंदुकीचे अवयव मुळांत थोडे: लोखंडी नळी, लांकडी कुंदा, नळीच्या बाजूस रंजक ठेवण्याचा कान, जळता तोडा त्या रंजकावर आणून टेंकणारा घोडा, तो हलविणारा चाप, आणि दारू ठासण्याचा गज. आमच्याकडील बंदुकींत नळी कुंद्याला स्क्रूनें जखडलेली नसते. पितळी पट्ट्यांनीं, तारेनें किंवा ओल्या कातड्याच्या वादीनें आवळून बांधलेली असते. वादी कापली कीं नळी मोकळी. कुंद्याचें लांकूड खानदेशच्या उन्हाळ्यांत तडकतें, पावसाळ्यांत फुगतें आणि किडीच्या तोंडी सांपडतें. नळी मात्र निगा राखली तर तीनतीन पिढ्या टिकते. म्हणून नळी ही पोथीच्या पत्रांसारखी आणि कुंदा हा तिच्या फळ्यांसारखा समजावा. लमछडी बंदुकीची सुंदर जौहरदार नळी पाहून तिचा कुंदाहि तितकाच जुना मानणें, म्हणजे पोथीच्या फळ्यांवरच्या रंगावरून ग्रंथाचा शक काढणें होय.

पुढें चकमकीची बंदूक आली. तिला पथरकला म्हणत. तिची कळ तोड्याच्या बंदुकीच्या कळेहून पुष्कळच नाजूक. कमानी, दांते आणि गारगोटी धरणारा घोडा यांचा मेळ तींत जमावा लागतो. अशी कळ गांवच्या लोहारास घडविणें कठीण, पण कोठून तरी आणून बसविणें शक्य. कंपनी सरकारच्या लष्करी बंदुका देशभर पसरल्यावर त्यांच्या कळा सुट्या होऊन देशी नळ्यांवर चढल्या. याचें जगांत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अफगाणांची जेझाइल हें आहे: नळी देशी, कुंदा देशी, आणि कळ कंपनीची. १८३९ ते १८४२ च्या काबूलच्या युद्धांत जी बंदूक इंग्रजांवर चालली, तिच्या अंगावर पुष्कळदा इंग्रजांचाच शिक्का होता! हा शिक्का संशोधकाच्या मोठ्या कामाचा आहे. कंपनीच्या कळांवर आरंभीं हृदयाच्या आकृतींत कंपनीचीं आद्याक्षरें असत. १८०८ पासून त्या जागीं मागील पायांवर उभा राहिलेला सिंह आला. तेव्हां सिंहाची कळ ज्या देशी बंदुकीस आहे, ती बंदूक आजच्या रूपांत १८०८ च्या पूर्वीं असूं शकत नाहीं, मग तिची नळी मलिक अंबरच्या वेळची का असेना. पुढें गारगोटी जाऊन टोपी आली. इंग्रजी फौजेंत टोपीची बंदूक १८४० च्या सुमारास रूढ झाली. नंतर जुन्या चकमकी बंदुकांचे कान काढून तेथें टोपी बसविण्याची सोय करण्याचा धंदा सर्वत्र चालला. खेड्यापाड्यांत 'ठासणीची बंदूक' म्हणून जी ओळखली जाते, तींत असे तीन काळांचे थर एकावर एक चढलेले असूं शकतात: तोड्याचा, चकमकीचा आणि टोपीचा. बुजविलेलें जुनें भोंक, कुंद्यांतील रिकामी खांच, पूर्वींच्या पितळी पट्टीनें लांकडावर उठलेला वळ, या गोष्टी तिच्या जन्मपत्रिकेंतल्या ओळी आहेत.

येथें एक शंका कोणी घेईल. दोन बंदुकांचे भाग एकमेकांस लागतातच कसे? उत्तर असें कीं ते लागत नाहींत, लावावे लागतात. आजच्या वाचकास एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांचे भाग अदलाबदल करून बसतात याचें आश्चर्य वाटत नाहीं. पण ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्सांत प्रथम नीट उतरली. ऑनोरे ब्लांक नांवाच्या बंदूक-कारागिरानें पन्नास कळांचे भाग सुटे करून निरनिराळ्या खणांत ठेविले होते. १८८५ नव्हे, १७८५ सालीं अमेरिकेचे वकील जेफर्सन यांनीं त्यांतून हातीं येईल तो भाग उचलून स्वतः कळा जुळविल्या, आणि तो चमत्कार मायदेशीं पत्रानें कळविला. त्यापूर्वीं, आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें, प्रत्येक बंदुकीचा प्रत्येक भाग त्या एका बंदुकीपुरता कानशीनें घासून बसविलेला असे. सोडविलेला स्क्रू पुन्हा आपल्याच भोंकांत जावा म्हणून कारागीर त्याच्या माथ्यावर आणि शेजारच्या लोखंडावर सारख्या बारीक रेघा किंवा ठिपके करून ठेवीत; पोथीच्या समासांत पत्रांक घालावे तसें. अर्थात् तयार भागांचें युग येण्यापूर्वीं सर्वच भाग परस्परांस परके होते. त्यांस एका घरचे करणें हीच कारागिरी होती. म्हणून सांधीव बंदूक सोडवून पाहतांना कोठें कानस चालली, कोठें जस्त-पितळेचें झाळण आहे, कोणती खूण कोणत्या खुणेशीं जुळत नाहीं, हें टिपलें पाहिजे. त्या कानशीच्या ओरखड्यांतच ज्याचें नांव कोठें नोंदलें नाहीं त्या माणसाचा हस्ताक्षर-नमुना आहे.

रिव्हॉल्व्हर हें या कथेंतील शेवटचें आणि सर्वांत मानी पात्र. सॅम्युएल कोल्टनें आपल्या फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाची सनद इंग्लंडांत १८३५ मध्यें व अमेरिकेंत १८३६ मध्यें घेतली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यानें आपला माल मांडला, आणि १८५३ पासून १८५६ पर्यंत लंडनांत कारखानाहि चालविला. त्याच १८५१ सालीं रॉबर्ट अॅडम्स यानें एकसंध सांगाड्याचें रिव्हॉल्व्हर काढलें. हीं दोन्ही प्रकारचीं पिस्तुलें १८५७ च्या धामधुमींत गोऱ्या अंमलदारांच्या कमरेस होतीं. वेब्ली कंपनीचें रिव्हॉल्व्हर इंग्रजी फौजेनें १८८७ मध्यें पत्करलें. तोड्याच्या बंदुकींत नळी थोडी कमीजास्त बसली तरी बार निघतो. रिव्हॉल्व्हरास ही सवलत नाहीं. नळकांड्याचें प्रत्येक घर बाराच्या क्षणीं नळीच्या तोंडासमोर नेमकें येऊन ठाकलें पाहिजे. तें केसभर चुकलें तर गोळी नळीच्या ओठावर आपटते आणि तिचे कपचे धरणाऱ्याच्याच अंगावर येतात. म्हणून परक्या नळकांड्याचें रिव्हॉल्व्हर दिसण्यास कितीहि साजरें असलें तरी तें चालविणाराचा वैरी ठरण्याचा संभव फार. कोल्टचा कारखाना यंत्रांच्या जोरावर भाग एकसारखे करण्याविषयीं गाजला खरा, पण तेथेंहि शेवटची बसवणी कानशीनेंच होई, आणि म्हणूनच एका पिस्तुलाचे भाग चुकून दुसऱ्यांत मिसळूं नयेत यासाठीं त्यांवर एकच अंक घालीत. संग्राहक आज ज्या अंकांची पूजा करतात, ते अंक मुळांत भाग बदलतां येत नसल्याची कबुली आहेत.

आतां खानदेशाकडे येऊं. सांधीव हत्यारें येथें इतकीं कां असावींत, याचें कारण या प्रांताच्या एकोणिसाव्या शतकांतील इतिहासांत आहे. १८०२-०३ च्या होळकरी स्वाऱ्या व त्यापाठोपाठचा दुष्काळ यांनीं प्रांत उजाड झाला. पेंढारी, भिल्लांच्या टोळ्या आणि पगारी अरब यांच्या हातीं गढ्या गेल्या. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं तापीकांठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर सर टॉमस हिस्लॉप चालून आला. दरवाजांत झालेल्या चकमकींत इंग्रज अंमलदार पडले, व त्याच्या सूडानें किल्लेदारास फांशीं देण्यांत आलें. त्याच वर्षीं मे-जूनमध्यें, त्या वेळीं खानदेशांत मोडणाऱ्या मालेगांवच्या भुईकोटांत अरबांनीं जवळजवळ महिनाभर दम धरला व अखेर शस्त्रें खालीं ठेविलीं. अरबांची बंदूक हीहि मूळचीच सांधीव: नळी पुष्कळदा इराणी किंवा हिंदुस्थानी, कुंदा आणि चांदीचें काम अरबी. शरण आलेल्या अरबांस त्यांच्या देशीं परत धाडण्याचें धोरण होतें. मालक गेला, तरी त्याच्या हत्यारांचे कांहीं भाग मुलखांत राहिले असावेत असें आमचें अनुमान आहे. कारण शिबंदीच्या सैन्याचीं हत्यारें जिंकणाराच्या कोठारांत सर्वच्या सर्व गेलीं असें कोठेंहि घडत नाहीं.

कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळ्यास ठाणें करून प्रांत बसविण्यास आरंभ केला, आणि १८२५ मध्यें आउट्रॅमनें भिल्लांची पलटण उभारली. धरणगांव हें तिचें ठिकाण. या पलटणीनें सरकारी बंदूक, तिची कळ आणि तिची दुरुस्ती यांचा परिचय सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नेला. १८९१ मध्यें ती पोलिसांत विलीन झाली. दुसऱ्या बाजूस खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालीं भिल्ल उठले. ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणीच्या डोंगरांत जी लढाई झाली, तींत सरकारी फौजेसमोर तीरकामठ्याबरोबर तोड्याच्या बंदुकाहि होत्या. एकाच मुलखांत एकाच वर्षीं कामठा, तोडा, टोपी आणि रिव्हॉल्व्हर हीं चारहि चालूं होतीं, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे 'अमुक हत्यार जुन्या धाटणीचें, म्हणून तें जुन्या काळचें' हा सोपा तर्क किती फसवा आहे तें कळून येतें.

बंडानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले: १८५७, १८६०, आणि सर्वांत कडक १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या वेळचा. गोऱ्यांस मोकळीक, आणि देशी माणसास परवान्यावांचून बंदूक नाहीं, असा तो प्रकार. याचा परिणाम जितका राजकीय तितकाच कारागिरीवर झाला. ज्यास रानडुकरांपासून जोंधळ्याचें रान राखण्यापुरती एक ठासणीची बंदूक परवान्यानें मिळाली, त्यास दुसरी नवी मिळण्याची आशा नव्हती. मग तीच बंदूक जगविणें भाग होतें. कुंदा मोडला, सुतारानें बाभळीचा केला. कमान तुटली, लोहारानें दुसरीची लावली. म्हणजे कायद्यानें हत्यारें कमी केलीं, तशीं उरलेलीं अधिक सांधीवहि केलीं. खानदेशांतील ज्या बंदुकांवर असे अनेक सांधे दिसतात, त्यांचे शेवटचे सांधे १८७८ नंतरचे असण्याचा संभव अधिक, असें आम्हांस वाटतें.

हत्यारें घांसून धार लावणारा तो शिकलगार. लढाया संपल्यावर या जातींतील कोणी चाकू-कात्र्यांस धार लावूं लागले, कोणी कुलुपें करूं लागले. चोपडें तालुक्याच्या सीमेला लागून, मध्यप्रदेशच्या बडवानी जिल्ह्यांत उमर्टी म्हणून गांव आहे. तेथील कांहीं शिकलगार शीख कुटुंबें चोरून गांवठी पिस्तुलें घडवितात, म्हणून जळगांव-धुळ्याच्या पोलिसांस तें नांव पाठ झालें आहे. गुरु गोविंदसिंगांच्या फौजेचे आपण शस्त्रकार होतों, अशी या समाजाची परंपरा आहे. गुन्ह्याचें समर्थन करण्याचा येथें प्रश्नच नाहीं. या पिस्तुलांनीं माणसें मरतात. संशोधकाच्या दृष्टीनें एवढेंच नोंदवावयाचें कीं, गांवठी पिस्तुलांवर अमेरिकेचें किंवा इटलीचें नांव कोरण्याची जी चाल आज दिसते, ती लांडग्याची खूण उचलणाऱ्या झोलिंगेनकरांचीच चाल आहे. मात्र येथें हेतु गिऱ्हाइकास फसविण्याचा असल्यानें बनावट हा शब्द या ठिकाणीं शोभतो.

कायद्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण अर्धवट माहितीनें पुष्कळ घरांतील जुनीं हत्यारें रातोरात विहिरींत जातात. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्रकायदा आला, व तो १९६२ पासून अमलांत आहे. या कायद्यांत बंदुकीच्या व्याख्येंत तिचे भागहि येतात. पण त्याच्या ४५ व्या कलमानें, जुन्या नमुन्याचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा नादुरुस्त असें जें हत्यार दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून वापरतां येण्यासारखें नाहीं, त्यास सूट दिली आहे. त्याच कलमांत असेंहि आहे कीं, हत्यारांचे किरकोळ सुटे भाग बाळगणाऱ्यास, ते भाग त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याहि जवळच्या पूरक भागांशीं जुळवून वापरण्याचा हेतु नसेल तर, सूट आहे. म्हणजे विधिकारांनींहि अवयव आणि अवयवी यांचा विचार केला, आणि जुळणी हाच मर्मबिंदु धरला! हौसेखातर निरनिराळे भाग आणून चालतें रिव्हॉल्व्हर जुळविणारा मनुष्य या सवलतीच्या बाहेर जातो, व परवान्यावांचून तसें करणें हा गंभीर अपराध आहे. शंभर वर्षांवरील हत्यारें १९७२ च्या पुराणवस्तुकायद्याखालींहि येतात. तीं देशाबाहेर नेतां येत नाहींत. आपल्या हातची वस्तु कोणत्या वर्गांत बसते, हें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस विचारून लेखी घ्यावें.

राहतां राहिली नोंदीची गोष्ट. खंडेनवमीस ज्या घरांत जुनीं शस्त्रें पूजेस मांडतात, तेथें तीं पाहण्याची संधि संशोधकानें दवडूं नये. पाहतांना पातें, मूठ, म्यान, किंवा नळी, कळ, कुंदा यांचीं टिपणें निरनिराळीं करावींत. प्रत्येक भागाचें माप, धातु, खूण आणि अंदाजी काळ वेगळा लिहावा, आणि सांध्यासाठीं स्वतंत्र कलम ठेवावें: लाख आहे कीं खिळा, वादी आहे कीं पट्टी, कानशीचे ओरखडे ताजे कीं गंजाखालचे. ताज्या ओरखड्यावर तकाकी असते. जुन्यावर गंजाची सारखी साय चढलेली असते. मुठींतील राळ तापवून पातें काढण्याचा मोह आवरावा. त्या राळेंत अडकलेला सुताचा तुकडा किंवा चिंधीसुद्धां काळ सांगूं शकते, आणि ती एकदां जळली कीं गेली. कुंदा बदलणें अगदींच अवश्य झालें, तर काढलेला जुना कुंदा, पट्ट्या आणि मोडके स्क्रू एका रुमालांत बांधून, वर चिठ्ठी लावून, त्याच बंदुकीजवळ ठेवावेत. पोथीचीं सुटलेलीं पत्रें त्याच पोथीच्या बासनांत ठेवतात तसे.